साच्यातलं रात्रीचं आकाश: थरांचे जिलेटिन शॉट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जिलेटिन शॉट म्हणजे दारू घातलेल्या जेलीचे छोटे ठोकळे. पहिल्या खेपेला मी २४ शॉट करायला घेतले होते, टेबलावर पोचले ९. सहा शॉटमध्ये ‘ग्रह’ म्हणून किवीच्या चकत्या घातल्या होत्या. ते रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही पाणीच राहिले. पाचांवर दुसरा थर गरम असतानाच ओतला, त्यामुळे निळा आणि पांढरा एकमेकांत मिसळून साबणाच्या पाण्यासारखा एकच रंग झाला. उरलेले चार साच्यातून काढताना मधोमध सुटले, टोपी एका हातात आणि ठोकळा दुसऱ्या हातात. दारूचं प्रमाण बरोबर होतं, जिलेटिनही काट्यावर मोजलेलं होतं. चुकलं ते कधी ओतायचं आणि किती गरम ओतायचं, एवढंच. किवीचं प्रकरण वेगळं, त्यावर पुढे येतेच.

त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या. खाली दिलेली कृती ‘रात्रीचं आकाश’ या थीमची आहे: वर गडद निळा थर, मधे आकाशगंगेसारखा दुधाळ पट्टा, खाली जांभळं क्षितिज. तुमची थीम समुद्राची असेल किंवा भुतांची, तर रंग बदला. मोजमापं आणि वेळा याच ठेवा.

१. आधी ठरवा: खाणार कोण

हा गोड, रंगीत, थरथरणारा पदार्थ आहे आणि त्यात दारू आहे. लहान मुलाच्या डोळ्यांनी बघितलं तर ती फक्त जेली. म्हणून घरात मुलं असतील तर फ्रीजमध्ये वरच्या खणात, झाकणाच्या डब्यात आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘दारू आहे’ असं लिहून ठेवायचं. बिनदारूचे शॉटही करणार असाल तर नुसता रंग बदलून भागत नाही, मंद उजेडात निळा आणि जांभळा सारखेच दिसतात. आकार बदला. माझ्याकडे दारूचे चौकोनी आणि बिनदारूचे गोल, असा नियम आहे आणि पाहुण्यांना तो दारातच सांगते.

मोठ्यांचाही हिशोब करावा लागतो, कारण ग्लास हातात असला की आपण किती प्यायलो ते कळतं, शॉट खाताना कळत नाही. हे नवीन नाही. अमेरिकेतला बारटेंडर जेरी थॉमस याने १८६२ साली छापलेल्या पाककृतींत जिलेटिन घातलेल्या पंचची (दारूच्या एका मिश्र पेयाची) कृती दिली आहे आणि तिथेच इशाराही दिला आहे, की यात दारूचा जोर इतका बेमालूम लपतो की लोक भरमसाट खातात आणि जेवणानंतर नाचायच्या लायकीचे उरत नाहीत. आपल्या कृतीत २४ शॉटमध्ये मिळून २०० मिलि व्होडका आहे, म्हणजे एका शॉटमध्ये ८ मिलिच्या थोडी वर. चार शॉट खाल्ले की ३० मिलिचा एक पेग पोटात गेला, वर थोडी जास्तच. हे वाक्य एका कार्डावर लिहून थाळीजवळ ठेवा. गाडी चालवत घरी जाणारे, गरोदर बायका आणि दारू चालत नाही अशी औषधं घेणारे यांच्यासाठी गोल शॉट.

आणखी एक. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून करतात, बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गाईच्या. शाकाहारी पाहुण्याला किंवा धर्माने यातलं काही वर्ज्य असलेल्याला हे खाण्याआधी कळलं पाहिजे. त्यांच्यासाठीची कृती खाली दहाव्या पायरीत आहे.

२. सामान

साहित्य, २४ शॉटसाठी:

- बिनस्वादाची जिलेटिन पावडर २५ ग्रॅम
- व्होडका (४० टक्क्यांची) २०० मिलि, फ्रीजमधली नको, बाहेरची
- गोकर्णाची सुकी फुलं २५ ते ३०
- साखर ६० ग्रॅम
- कंडेन्स्ड मिल्क ५० मिलि
- लिंबाचा रस २ छोटे चमचे, म्हणजे १० मिलि
- व्हॅनिला इसेन्स २-३ थेंब
- खाण्याची चंदेरी चमक किंवा चांदीचा वर्ख

हत्यारं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मिलिच्या खुणांचं माप, ३ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी घरांचा सिलिकॉनचा साचा, त्याखाली ठेवायला ताठ ट्रे, बारीक गाळणी, चोच असलेलं भांडं, दातकोरणी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर बोटावर काम चालतं.

ट्रेबद्दल एकदाच सांगते. सिलिकॉनचा साचा भरल्यावर उचलायला गेलात की तो मधे वाकतो आणि सगळं ओट्यावर. साचा रिकामा असतानाच ट्रेवर ठेवा आणि ट्रेसकट हलवा. फ्रीजचा खण सपाट आहे का तेही आधी पाण्याची बशी ठेवून बघा, नाहीतर सगळे थर तिरके बसतील.

३ सेंटीमीटरच्या घरात काठोकाठ २७ मिलि मावतं. आपण २५ च्या आसपास भरणार आहोत.

३. जिलेटिनची ओळख

बाजारात ‘जेली’ नावाने मिळणारी रंगीत, गोड पाकिटं आणि बिनस्वादाचं जिलेटिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाकिटात साखर, रंग, आंबट आम्ल सगळं आधीच घातलेलं असतं. काही पाकिटांत तर जिलेटिनच नसतं, समुद्री वनस्पतीपासून काढलेलं कॅरेजीनन असतं. एकाच्या जागी दुसरं तितक्याच वजनाने घातलं की फसगत ठरलेली. सजावटीचे थर करायचे तर साधं जिलेटिनच घ्या, म्हणजे रंग आणि चव तुमच्या हातात राहते.

जिलेटिनची ताकद ‘ब्लूम’ या आकड्यात मोजतात. पाकिटावर तो छापला असेल तर बघा. वरचे २५ ग्रॅम २०० ते २२५ ब्लूमच्या पावडरीसाठी आहेत. १६० ची असेल तर २८-२९ ग्रॅम घ्या, २५० ची असेल तर २३ पुरतात. आकडा छापलाच नसेल तर एका वाटीत २ ग्रॅमचा नमुना ५० मिलि पाण्यात आदल्या दिवशी करून बघा: वाटी उलटी केल्यावर पडत नाही आणि बोटाने दाबल्यावर परत वर येते, म्हणजे काम झालं.

आता भिजवणं. जिलेटिन थेट गरम पाण्यात टाकलं की प्रत्येक कणाभोवती चिकट कवच तयार होतं, आतला भाग कोरडाच राहतो आणि मग कितीही ढवळा, माशाच्या अंड्यांसारख्या गुठळ्या तरंगत राहतात. म्हणून आधी थंड पाणी, पसरट वाटीत. त्यावर जिलेटिन *भुरभुरवायचं*, ढीग ओतायचा नाही. वजनाच्या पाच-सहा पट पाणी लागतं. पाचेक मिनिटांत ते पाणी शोषून ओल्या वाळूसारखं दिसायला लागतं, दहा मिनिटांत एकसंध, पारदर्शक, रबरी थापी होते. कोरडा पांढरा ठिपका कुठे उरला असेल तर त्यावर दोन थेंब पाणी टाका.

हे भिजवण्याचं पाणी एकूण मापात धरलेलं असतं. नवखे लोक ते ‘वेगळं’ समजतात, मग द्रव वाढतो आणि शॉट लिबलिबीत होतो.

विरघळवताना उकळायचं नाही. जिलेटिन ५०-६० अंशांवर सहज विरघळतं, आणि खळखळा उकळत ठेवलं तर त्याची पकड कमी होते. गोकर्णाच्या फुलांच्या गरम काढ्यात (तो पाचव्या पायरीत आहे) थापी टाकून हळूहळू ढवळा, चमचा उचलून उजेडात धरा. चमच्यावर एकही दाणा दिसला नाही की झालं. फेटणी वापरू नका. फेस झाला की तो पारदर्शक थरात ढगासारखा अडकून बसतो.

४. दारू किती चालते

दारू जास्त झाली की जिलेटिन जमत नाही. फारच जास्त झाली तर ते द्रवातून फुटून दोऱ्यांसारखं बाहेर येतं. ४० टक्क्यांची दारू एकूण द्रवाच्या एक तृतीयांश ठेवली की सगळं मिळून १३ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि तो सुखाचा आकडा आहे. अर्ध्यापर्यंत म्हणजे २० टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण मग जिलेटिन वाढवावं लागतं आणि चवही घशाला लागते. मी त्यापुढे जात नाही. ‘जरा कडक करू’ म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक पार्टीत असतो. त्याला वेगळा ग्लास द्या.

दारू नेहमी शेवटी, भांडं आचेवरून खाली उतरवल्यावर. दोन कारणं आहेत. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, म्हणजे फार गरम मिश्रणात घातलात तर काही भाग वाफेवर जाईल. आणि ती वाफ पेट घेते. गॅस चालू असताना पातेल्यात व्होडका ओतायची नाही, कधीच नाही.

फ्रीजरमधली बर्फगार बाटलीही नको. थंड दारू पडल्या जागी जिलेटिन क्षणात गोठतं आणि तळाशी चिकट दोरे दिसतात. तसं झालंच तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात धरा, दोरे परत विरघळतात.

५. रंग: गोकर्णाचा काढा

रंगाच्या बाटलीतला निळा रंग जीभ निळी करतो आणि फोटोत प्लॅस्टिकसारखा दिसतो, असं माझं मत. गोकर्णाच्या फुलांत अँथोसायनिन वर्गाची रंगद्रव्यं असतात. आम्ल लागलं की ती निळ्याची जांभळी होतात. म्हणजे एकाच काढ्यातून दोन थर.

२२० मिलि उकळतं पाणी फुलांवर ओता, दहा मिनिटं झाका, गाळा, फुलं दाबून पिळा. २०० मिलि गडद निळा काढा मिळाला पाहिजे. त्यात साखर विरघळवा. फुलांना स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून निळ्या थरात व्हॅनिला आणि जांभळ्यात लिंबू. आणि कोमट असताना चाखाल तेव्हा थोडं *जास्त* गोड लागलं पाहिजे, थंड झाल्यावर गोडी दबते.

आता सापळा. हे रंग थरात गप्प बसत नाहीत. लिंबाचं आम्ल जिलेटिनमधून हळूहळू शेजारच्या थरात झिरपतं. मी एकदा आदल्या दिवशी केले, संध्याकाळी रेषा सुरीने कापल्यासारखी होती. दुसऱ्या रात्री निळा थर जांभळट, दुधाळ पट्टा आभाळी आणि सीमारेषा पुसलेल्या. दिसायला वाईट नव्हतं, पण जे ठरवलं होतं ते नव्हतं. म्हणून हा प्रकार पार्टीच्या दिवशीच करायचा. आठ वाजता पाहुणे येणार असतील तर दुपारी एकच्या आत सुरुवात. आदल्या दिवशीच करून ठेवायची सक्ती असेल तर लिंबू वगळा, एकाच निळ्याच्या दोन छटा करा: एका थरात काढा पूर्ण, दुसऱ्यात अर्धा काढा आणि अर्धं पाणी. दुधाळ पट्टा तेव्हाही थोडा निळसर होईल, पण थर ओळखू येतील.

६. पहिला थर: निळा

साच्यात जे आधी जातं ते ताटलीत वर येतं. हे डोक्यात पक्कं करा, मी दोनदा उलटं आकाश केलं आहे.

१० ग्रॅम जिलेटिन ६० मिलि थंड पाण्यात भिजवा. गोड काढ्यातला निम्मा भाग गरम करा, वाफा आल्या की पुरे. थापी त्यात विरघळवा, गाळा, व्हॅनिला घाला, ८० मिलि व्होडका घालून संथ ढवळा. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. साच्याच्या प्रत्येक घरात १० मिलि, म्हणजे दोन छोटे चमचे. साखरेमुळे मिश्रण थोडं जास्त भरतं, उरेल ते आचाऱ्याचं.

घरांच्या तळाशी चिकटलेले बुडबुडे दातकोरणीच्या टोकाने वर आणून फोडा. साच्यातून काढल्यावर हाच तळ पाहुण्यांच्या डोळ्यासमोर असतो, म्हणून या एका थरासाठी ही चिकाटी ठेवा, बाकीच्यांना नको.

७. थरावर थर

सगळं कौशल्य या पायरीत आहे, म्हणून इथे घाई नको.

खालचा थर ‘चिकट-घट्ट’ हवा. साचा फ्रीजमध्ये ठेवून साधारण ३५-४० मिनिटांनी बोटाचं टोक थराच्या मध्यावर हलकेच टेकवा आणि उचला. तीन गोष्टींपैकी एक होईल. बोटाला ओला निळा डाग लागला: अजून कच्चा आहे, दहा मिनिटांनी परत या. थर बोटाला चिकटला, किंचित वर ओढला गेला आणि बोट सुटल्यावर परत सपाट झाला, बोट मात्र कोरडं: आत्ता ओता. बोट काचेवरून घसरावं तसं घसरलं: उशीर झाला. पूर्ण जमलेल्या गुळगुळीत पाठीवर नवीन थर बसतो पण धरत नाही, माझे चार शॉट असेच दुभंगले. उशीर झालाच तर वरच्या पृष्ठभागावर काट्याने अगदी हलके ओरखडे काढा आणि पुढचा थर नेहमीपेक्षा दोन-तीन अंश गरम ओता. बहुतेक वेळा निभावतं.

ओतायचं मिश्रण २५ ते ३० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवा: गरमही लागलं नाही, गारही लागलं नाही, म्हणजे ठीक. त्याहून गरम असेल तर खालचा थर वितळतो, कारण जमलेलं जिलेटिन ३० अंशांच्या पुढे विरघळायला लागतं. तोंडात ते विरघळतं तेही त्याचमुळे. थंड होता होता भांड्यातच जमायला लागलं तर भांडं कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल.

थेट धार सोडली तर खड्डा पडतो. चमचा उलटा धरा, टोक घराच्या भिंतीला टेकवा आणि चमच्याच्या पाठीवरून मिश्रण ओघळू द्या.

दुधाळ पट्टा: ५ ग्रॅम जिलेटिन ३० मिलि पाण्यात भिजवून गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी धरून विरघळवा, त्यात ५० मिलि कंडेन्स्ड मिल्क, मग ४० मिलि व्होडका. यात लिंबू चुकूनही पडू देऊ नका, दूध फाटतं. चमचाही वेगळा घ्या. प्रत्येक घरात ५ मिलि. अर्ध्या तासाने पुन्हा बोटाची परीक्षा.

जांभळा थर: कृती निळ्याचीच, फक्त ५० मिलि थंड पाणी आणि १० मिलि लिंबूरस. जिलेटिन साध्या पाण्यात भिजवा, रस शेवटी दारूबरोबर घाला. रस पडताच भांड्यातला निळा रंग चमच्याच्या वाटेने जांभळा होत जातो. घरात कोणी असेल तर हे बघायला बोलवा, ढवळायला कोणीतरी मिळतं. प्रत्येक घरात १० मिलि, आणि मग साच्याला न चिकटेल असं झाकण घालून चार तास फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये ठेवून वेळ वाचवू नका. बर्फाचे कण जिलेटिनची आतली जाळी फाडतात आणि बाहेर काढल्यावर शॉट पाणी सोडतो.

८. तारे, ग्रह, चंद्र

चमक पातळ द्रवात टाकली तर तळाशी जाऊन बसते. निळं मिश्रण थंड होऊन अंड्याच्या पांढऱ्या भागाइतकं दाट झालं की चिमूटभर टाका आणि एकदाच फिरवा, मग तारे मधेच लटकतात. चमक घेताना पाकिटावर ‘खाण्यायोग्य’ असं लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली हवी. नुसतं ‘विषारी नाही’ एवढं पुरेसं नाही, ते शोभेच्या चमकीवरही छापलेलं असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच धातूच्या चमकीने मुलं आजारी पडली होती. त्या चमकीत मुख्यतः तांबं निघालं. शंका असेल तर वर्ख घ्या. तो साच्यातून काढल्यावर चिमट्याने लावायचा.

आता किवी. न शिजवलेली किवी, अननस, पपई, अंजीर, ताजं आलं यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. जाळी विणली जायच्या आतच ती कुरतडली जाते. फळ उकळून घेतलं की एन्झाइम मरतं, म्हणून डबाबंद अननस चालतो. मला तर आता ग्रहांसाठी द्राक्षाच्या चकत्या आणि ब्लूबेरीच बऱ्या वाटतात. फळं कोरडी पुसून, त्याच दाट अवस्थेत घाला.

चंद्र हा माझा सगळ्यात आवडता. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन हे कडू द्रव्य असतं आणि ते अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. १० ग्रॅम जिलेटिन ६० मिलि टॉनिकमध्ये भिजवा, १०० मिलि टॉनिक गरम करून त्यातले बुडबुडे जाऊ द्या, ८० मिलि व्होडका, गोल साचा. (गोल शॉट तुमच्याकडे बिनदारूचे ठरले असतील तर व्होडकाच्या जागी टॉनिकच घाला.) यात गोकर्ण घालू नका, टॉनिक आंबट असल्यामुळे रंग जांभळा होतो आणि गडद रंगात चमक बुडते. दिवा आधी बाटलीवर मारून बघा. क्विनाइन ज्यांना चालत नाही त्यांना चंद्र नको, हेही कार्डावर लिहा.

९. साच्यातून काढणं

ताटली थंड करा आणि पाण्याचा हलका हात फिरवा, म्हणजे शॉट वाकडा पडला तर सरकवता येतो. प्रत्येक घराच्या चारही कडा बोटाने आत ओढून हवा शिरू द्या, मग खालून अंगठ्याने ढकला. हट्टी असेल तर साच्याचा तळ कोमट पाण्यात तीन-चार सेकंद टेकवा. पाच सेकंदांच्या वर गेलात तर वरच्या कडा, म्हणजे तुमचं निळं आकाश, वितळून गोल होतं. तेल लावायचं असेल तर साचा भरण्याआधी, कागदाने पुसून काढाल इतकंच. जास्त झालं तर पृष्ठभाग धुरकट दिसतो.

१०. शाकाहारी पाहुण्यांसाठी: चायना ग्रास

चायना ग्रास म्हणजे आगर-आगर, समुद्री शेवाळापासून केलेलं. ६०० मिलिला ५-६ ग्रॅम पावडर पुरते. इथे नियम उलटे होतात: ही पावडर पाण्यात ढवळून दोन मिनिटं नीट उकळावीच लागते, आणि ती ३५-४० अंशांवरच, फ्रीजशिवाय, जमायला लागते. म्हणून दारू आधी कोमट पाण्यात बाटली धरून कोमट करा आणि गॅस बंद केल्यावर घाला. थर गरमच ओतावा लागतो, खालचा वितळायची भीती नाही कारण जमलेला चायना ग्रास ८५ अंशांच्या आसपास पातळ होतो. किवी, अननसही चालतात. तोंडात मात्र विरघळत नाही, कडकडीत तुटतो. मला तो पोत फारसा आवडत नाही, पण उकाड्यातल्या पार्टीत तासभर टेबलावर उभा राहणारा शॉट हाच.

११. टेबलावर, आणि बिघडलं तर

जिलेटिनचे शॉट अर्ध्या तासाच्या वर उबदार खोलीत ठेवू नका, एकावेळी आठ-दहाच बाहेर काढा. पाहुण्यांना सांगा की चावून खा, घशात सरळ लोटू नका. हा घट्ट ठोकळा आहे, कपातला पातळ शॉट नव्हे.

चार तासांनंतरही जमले नाहीत तर बहुधा जिलेटिन कमी पडलं किंवा दारू जास्त झाली. सगळं भांड्यात काढा, गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात धरून कोमट करा, भिजवलेलं ४-५ ग्रॅम जिलेटिन विरघळवून घाला, पुन्हा ओता. फळामुळे बिघडले असतील तर फळ काढून टाका आणि जिलेटिन पूर्ण नव्याने धरा, जुनं तुटून गेलेलं असतं.

आणि थर मिसळून राखाडी-निळं झालं तर ते सगळं वितळवून छोट्या पारदर्शक कपांत ओता, वर थोडी चमक. मी एकदा तेच केलं, पुढे ‘धुकं’ अशी चिठ्ठी लावली. त्या रात्री सगळ्यात आधी संपले ते धुक्याचे कप, आणि दोघीजणी कृती विचारायला स्वयंपाकघरात आल्या.